पाऊस दम खाईल तेव्हा: परड्यातल्या लहान पाखरांचे पावसाळी फोटो

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या घरामागं जेमतेम दीड गुंठ्याचं परडं आहे. दोन केळी, एक फणस, पेरू, कढीपत्ता, कुंपणाला जास्वंद आणि न्हाणीच्या भिंतीला खेटून माजलेली हॅमेलिया. मृग लागला की गणपतीपर्यंतचे माझे जवळजवळ सगळे फोटो इथलेच. पहिले दोन पावसाळे मात्र मी वाया घालवले. सर आली की रेनकोट चढवायचा, कॅमेऱ्याला पिशवी बांधायची, बाहेर धावायचं, तासभर भिजायचं आणि संध्याकाळी करड्या पडद्यामागची करडी पानं बघत बसायचं. सासूबाई पडवीत शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, पाऊस जरा दम खाऊ दे की. पाखरं तरी कुठं बाहेर आलीत?"

कॅमेरा त्यांनी कधी हातात धरला नव्हता. पण पुढं जे काही जमलं ते या एका वाक्यावरून. पावसातला म्हणून जो फोटो आपल्याला आवडतो, तो बहुतेक वेळा पाऊस थांबता थांबता किंवा थांबल्यावरच्या दहा मिनिटांत काढलेला असतो. ती दहा मिनिटं ओळखायची आणि तेव्हा आपण आधीपासून जागेवर बसलेलं असायचं, एवढाच सगळा खटाटोप.

आधी पाऊस ओळखा

आपल्याकडं पावसाला इतके शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाला कॅमेऱ्याची वेगळी बैठक लागते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर, सह्याद्रीच्या पाठीला टेकून बसलंय. त्यामुळं जांबोटी-कणकुंबीकडं धो धो कोसळतं तेव्हा शहरात नुसती पिरपिर असते, आणि त्याच दिवशी अथणी-रायबागकडं लोक आभाळाकडं डोळे लावून बसलेले असतात. पुस्तकातला 'पावसाळी हवामान' हा शब्द आपल्या एका जिल्ह्यालासुद्धा पुरत नाही. तेव्हा आपल्या दारातला पाऊस बघा.

वळीव आणि रोहिणीचा पाऊस म्हणजे गडगडाट. या दिवसांत उघड्यावर ट्रायपॉड घेऊन उभं राहू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास घरातच बसा. पण त्याच संध्याकाळी एक मेजवानी असते. जमिनीतून पंख फुटलेली वाळवी हजारोंनी वर येते आणि दयाळ, बुलबुल, चिमण्या, कोतवाल सगळे तिच्यावर तुटून पडतात. दयाळ तर वारुळाच्या तोंडाशी उभा राहून एकेक उचलतो. उजेड कमी असतो, पण पाखरू खाण्यात इतकं गुंग असतं की एरवी देत नाही ते अंतर देतं.

भुरभुर म्हणजे सोनं. थेंब बारीक, उजेड बरा, पाखरं बाहेर. लहान पाखरू अशा वेळी पिसं फुगवून गोळा होतं, आणि पिसांवर पाणी न भिजता मण्यांसारखं उभं राहतं. शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीनं ते तेल पिसांना चोपडलेलं असतं, म्हणून हे मणी.

रिपरिप दिवसभर चालते. पहिला तासभर पाखरं दडतात, मग पोट त्यांना बाहेर काढतं. जांभळा शिंजीर म्हणजे एक सूर्यपक्षीच, त्याचं वजन दहा ग्रॅमच्याही आत. रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवून बघा, साधारण तेवढंच. इतक्याशा अंगातली ऊब लवकर निघून जाते, त्यामुळं त्याला थोड्या थोड्या वेळानं खावंच लागतं. रिपरिपीत धीर धरणाऱ्याला फोटो मिळतो तो याच कारणानं.

मुसळधार पावसात कॅमेरा बाजूला ठेवून चहा टाका. पाखरं पिसं अंगाला चिकटवून, मान आखडून दाट पानात बसलेली असतात. तरी कपबशी घेऊन खिडकीशी बसा आणि कोण कुठल्या पानाखाली शिरलंय ते नजरेत ठेवा, कारण पाऊस ओसरला की ते तिथूनच बाहेर येणार आहे. आमच्याकडं पंचरंगी सूर्यपक्ष्याची मादी केळफुलाच्या पाकळीखाली जाऊन बसते. वर पानाची छत्री, खाली मधाची वाटी. तिला काय कमी?

आणि पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्या पावसात झड लागली की चार-चार दिवस उघडीप नसते. त्या दिवसांत फोटो नाही मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. कॅमेऱ्याचा डबा तपासा, भजी तळा.

उघडीप

याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण खरं काम इथंच होतं.

सर ओसरताना आधी आवाज बदलतो. कौलांवरचा एकसंध आवाज फुटून वेगवेगळे थेंब ऐकू येऊ लागतात. त्यानंतर मिनिटाभरात पहिला बोलतो तो शिंपी. एवढ्याशा जिवाचा टुविट-टुविट असा खणखणीत आवाज. त्याच्यामागं बुलबुल. हा आवाज आला की कॅमेरा चालू करून डोळ्याला लावा.

पहिली दोन-तीन मिनिटं अंग झटकण्याची. पाखरू उघड्या काडीवर येतं, अंग फुगवतं आणि ओल्या कुत्र्यासारखं फडफडतं. थेंबांचं वर्तुळ उडतं. हा फोटो हवा असेल तर शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं. फडफडीच्या आधी बहुतेक पाखरं पिसं फुगवून क्षणभर स्तब्ध होतात. त्या क्षणी बटण दाबून सलग फोटो घेत राहा. फडफड दिसल्यावर बोट दाबलंत तर उशीर झालेला असतो.

मग चार-पाच मिनिटं पिसं विंचरण्याची. मान वळवून शेपटीच्या बुडाशी चोच नेणं, पंख पसरणं, पायानं कान खाजवणं. या वेळी १/५०० सुद्धा पुरतं. पाखरू जागचं हलत नाही, तुम्हाला उभी-आडवी चौकट बदलायला वेळ मिळतो.

आणि मग कधीकधी पानआंघोळ. हा शब्द माझा, पण गोष्ट खरी. सूर्यपक्षी, चष्मेवाला, फुलटोच्या, शिंपी ही मंडळी जमिनीवरच्या डबक्यात फारशी उतरत नाहीत. पाऊस थांबल्यावर ओल्या पानांवर पोट घासत, घसरत, पंख आपटत आंघोळ करतात. आमच्याकडं यासाठी केळीचं पान आणि पेरूची वरची फांदी ठरलेली आहे. एकदा पान कळलं की दुसऱ्या उघडीपीत पाखरू पुन्हा तिथंच किंवा शेजारच्या पानावर येण्याची शक्यता मोठी. ओल्या पानाच्या चकाकीमुळं फोटो पांढरट होतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अर्धा स्टॉप, म्हणजे अर्धी पायरी, खाली घ्या.

दहा-पंधरा मिनिटांनी सगळी आपापल्या धंद्याला लागतात आणि खेळ संपतो. पुढच्या सरीची वाट बघायची.

बसायची जागा

माझी जागा स्वयंपाकघराची खिडकी. ऊन-पावसापासून आडोसा, पाखरांना माझी सवय झालेली, आणि मधूनच भाताला शिट्टी झाली तर उठता येतं. तुम्ही पडवी, गच्चीच्या जिन्याचं तोंड, गाडी ठेवायची शेड काहीही घ्या, पण डोक्यावर छप्पर हवं आणि वारा पाठीमागून किंवा बाजूनं हवा. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेकडं तोंड असलेली खिडकी मिळाली तर लेन्सवर शिंतोडे येत नाहीत आणि सकाळी ढगाआडून का होईना, उजेडही समोरून, म्हणजे पाखराच्या मागून किंवा बाजूनं, मिळतो. थेंब चमकायला असाच उजेड लागतो.

खिडकीची काच उघडी ठेवा. काचेतून काढलेला फोटो कधीच धारदार येत नाही. उघडणं शक्यच नसेल तर काच आतून-बाहेरून पुसा, लेन्सचं हूड (पुढं लावायचं नळकांडं) काचेला टेकवा आणि खोलीतला दिवा घालवा. ग्रीलमधून काढताना लेन्सचं तोंड दोन गजांच्या मधोमध धरा. स्वतः खिडकीला चिकटून न बसता दीड-दोन हात आत बसा. अंधाऱ्या खोलीत माणूस पाखराला कमी जाणवतो, आणि पावसाची झडही कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही.

कॅमेरा टेकवायला उशी हवी. मी सुरुवातीला कापडी पिशवीत तांदूळ भरले. आठवड्यात त्यांना वास मारायला लागला आणि घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. बेळगावी बासमतीचा असा अपमान पुन्हा करणार नाही. आता पिशवीत थर्मोकोलचे मणी आहेत, वर प्लॅस्टिकचं अस्तर.

काडी कशी लावायची

आपण झाडात पाखरू शोधतो आणि पंधरा पानांच्या गर्दीत अर्धी शेपटी मिळते. त्यापेक्षा पाखराला बसायला एक चांगली काडी द्यावी. शेवाळ आलेली, बोटाएवढी जाड, जरा वाकडी. ती खिडकीपासून तीन मीटरवर, पाखरं येतात त्या झाडाच्या किंवा खाण्याच्या ताटलीच्या वाटेवर, डोळ्यांच्या उंचीला बांधा. पाखरं ताटलीवर उतरण्याआधी आसपास कुठंतरी बसून अंदाज घेतात. ती जागा आपण द्यायची.

तीन मीटरच का? क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिमी लेन्स लावली तर दहा सेंटिमीटरचं पाखरू तीन मीटरवर चौकटीची जवळजवळ अर्धी रुंदी भरतं. सहा मीटरवर ते पाव होतं, आणि मग घरी बसून कापाकापी करावी लागते. तुमची लेन्स किती जवळचं फोकस करते ते आधी बघून घ्या. ७०-३०० साधारण दीड मीटरपर्यंत येते, १५०-६०० ला अडीचेक मीटर लागतात.

काडीच्या मागं किमान पाच मीटर मोकळं असावं, आणि त्याच्याही मागं काळपट काहीतरी. फणसाची सावली, ओली चिऱ्याची भिंत, विहिरीचा कठडा. पावसाच्या धारा काळ्या पार्श्वभूमीवरच दिसतात. मागं पांढरं आभाळ असेल तर कितीही कोसळू दे, फोटोत पाऊस नाहीच. माझ्या पहिल्या दोन वर्षांचे निम्मे फोटो या एका चुकीत गेले.

खायला काय ठेवायचं, याबद्दल थोडक्यात. आषाढात धान्याला एका रात्रीत बुरशी येते, आणि तसलं धान्य पाखराला आजारी पाडतं. वळचणीखाली मूठभरच बाजरी किंवा राळे ठेवा, संध्याकाळी उरलेलं काढा, ताटली घासा. बुलबुलाला पपईची फोड. सूर्यपक्ष्याला साखरपाणी मुळीच ठेवू नका. हॅमेलिया, जास्वंद, केळफूल यांतलं एक झाड लावा, तो वर्षभर तुमचा. कढीपत्त्याची काळी फळं पावसात पिकतात, ती तोडू नका, बुलबुल त्यांच्यासाठी रांग लावतात. शेजारची मांजर मात्र ताटलीखाली दबा धरून नाही ना, हे दररोज बघा.

कॅमेऱ्याचं गणित

मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ऑटो, कमाल मर्यादा ६४००. ॲपर्चर (उजेड आत येतो ते भोक) लेन्स उघडेल तेवढं, बहुतेकांच्या लेन्सचं ५.६ किंवा ६.३. म्हणजे हातात उरलं ते फक्त शटर, आणि पावसाळी फोटोग्राफी ही नव्वद टक्के शटरची गोष्ट आहे.

पावसाचा बऱ्यापैकी मोठा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगानं खाली येतो. म्हणजे १/६० शटरला तो दहा-अकरा सेंटिमीटर प्रवास करतो. फोटोत शिंजिराएवढी लांब रेघ. १/१२५ ला पाच सेंटिमीटरची रेघ, आणि १/१००० ला सहा-सात मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ गोठलेला थेंब. मधल्या १/२५० ते १/५०० मध्ये रेघही नाही आणि थेंबही नाही, फोटोवर नुसते ओरखडे पडल्यासारखं दिसतं. पाऊस दाखवायचा असेल तर ते टाळा. पाखरू स्तब्ध बसलंय, कॅमेरा उशीवर आहे, तर १/६० किंवा १/१२५ वर दहा-बारा फोटो सलग काढा. त्यातल्या एखाद्यात पाखराची मान अजिबात हललेली नसते. बाकीचे पुसा. हलत्या पाखराला १/१००० आणि पुढं.

भर दुपारीही दाट ढगाखाली उजेड इतका कमी होतो की एफ ५.६, १/५०० ला आयएसओ १६०० लागतो. फणसाखाली तोच ३२०० ते ६४००. आकडा बघून घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, हललेला फोटो कशानंच सरळ होत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं हात न लावलेल्या मूळ फाइलमध्ये काढा, कारण पावसाळी उजेडातले रंग नंतर सावरावे लागतात.

फोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर. मोठा चौकोन ठेवलात तर कॅमेरा पुढून पडणारे थेंब पकडत बसतो. नव्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असते. ती उघड्या काडीवर छान चालते, ओल्या चकाकत्या पानांत गोंधळते. तीन मीटरवर ३०० मिमीला, एफ ५.६ वर जेमतेम दोन सेंटिमीटर खोली धारदार येते. म्हणून पाखरू आडवं बसलेलं असताना फोटो काढा, चोच आणि शेपटी दोन्ही टिपता येतात.

पाखराच्या मागं आभाळ असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर, मागं काळी झाडी असेल तर अर्धा स्टॉप खाली. फ्लॅश नको. थेंबांवर उजेड आपटून फोटोभर पांढरे गोळे येतात, आणि पाखरू दचकतं ते वेगळंच.

मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. काडी एक मीटरवर आणा, मोबाइल स्टँडवर लावा, कानात घालायच्या वायरच्या बटणानं किंवा घड्याळावरून फोटो काढा आणि स्वतः आत बसा.

कोण भेटेल आणि कसं

दयाळ हा पावसाळी उजेडाचाच पक्षी. कडक उन्हात त्याचा काळा रंग डांबर होतो आणि पांढरा जळून जातो. ढगाखाली दोन्हींतली पिसंन्‌पिसं मोजता येतात. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी, तो बसतोही निवांत.

जांभळा शिंजीर मात्र उलटा. त्याची जांभळी-निळी झळाळी ही पिसांच्या रचनेतून येते. विशिष्ट कोनातून ऊन पडलं तरच ती पेटते. ढगाखाली तो कोळशाचा तुकडा दिसतो. त्याच्यासाठी दोन सरींमध्ये पाच मिनिटं पडणाऱ्या उन्हाची वाट बघा, ऊन तुमच्या पाठीमागून असावं. पावसाळा संपत आला की नर हा जांभळा अंगरखा उतरवतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी राहते. 'हा कुठला नवा पक्षी?' असं विचारत दरवर्षी कुणीतरी मला फोटो पाठवतंच.

सुभग या दिवसांत लग्नाळू असतो. नर काळा-पिवळा, झाडावरून वर उडी घेतो आणि पिसं फुगवून पिवळ्या चेंडूसारखा गिरक्या घेत खाली येतो. राखी वटवट्या गवतातून उडताना पट्‌पट् असा चुटक्यांसारखा आवाज करतो. डोळ्याआधी कानानं सापडतो. मुनियांसाठी एक कोपरा गवत न कापता वाढू द्या. गवताला दाणा धरला की ठिपकेवाल्या मुनिया थव्यानं येतात आणि वाकलेल्या काडीवर उलट्या लटकतात. नवरा म्हणतो, गवत माजलंय. मी म्हणते, पीक आलंय.

धोबी आणि माशीमार यांची वाट आषाढात बघू नका. ते पाऊस संपता संपता येणारे पाहुणे.

परड्याबाहेर जायचंच असेल तर सुगरणीसाठी जा. येळ्ळूरच्या भातशेतांच्या बाजूला किंवा निपाणी-चिकोडीकडं उसाच्या पट्ट्यात, विहिरीवर ओणवलेल्या बाभळीवर त्यांच्या वसाहती असतात. नावानं सुगरण असली तरी घर विणतो नर. भाताच्या, उसाच्या पानांच्या लांब पट्ट्या ओढून आणतो, अर्धं घरटं झालं की लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो, आणि मादीला पसंत पडलं तरच पुढचं विणतो. पावसाचा मारा पश्चिमेकडून म्हणून घरटी पुष्कळदा झाडाच्या पूर्व अंगाला असतात. सकाळी पूर्वेला उभं राहिलात तर उजेडही तुमच्या बाजूनं. तिथल्या बांधावर भेटणाऱ्या एखाद्या अण्णाला विचारा, ते 'गीजग' म्हणतील. आपल्या शिंप्यालाही कन्नडमध्ये सिंपिगच. दोन्ही भाषांनी पाखराच्या हातात सुई बघितली, याची मला गंमत वाटते.

घरट्यापासून लांब

शिंपी, वटवट्या, सुभग, मुनिया यांची वीण याच दिवसांत. शिंप्याचं घरटं सापडलं की हात शिवशिवतात. दोन मोठी पानं कोळ्याच्या जाळ्यानं आणि कापसानं शिवलेली, आत तीन-चार अंडी. फोटो नीट दिसावा म्हणून पुढचं एक पान बाजूला केलंत की घरट्यात पाऊस शिरतो आणि कावळ्याला वाट दिसते. मी हे एकदा केलंय. पान नुसतं दोऱ्यानं मागं ओढलं होतं, तासाभरानं सोडणार होते. त्या तासात सर आली, मादी बाहेर होती. तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. कशानं गेलं ते सिद्ध करता येणार नाही, पण तो फोटो मी कुणाला दाखवत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं हा गुन्हाच आहे. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलावणंही या दिवसांत करू नका. नर हद्द राखायला धावून येतो आणि पिलांना चारायचा वेळ भांडणात घालवतो. पालकांच्या चोचीत अळी आहे आणि ते तुमच्याकडं बघत ओरडतायत, घरट्याकडं जात नाहीत, असं दिसलं तर तुम्ही फार जवळ आहात. मागं सरका.

कॅमेरा कोरडा ठेवणं

बाहेर भिजायची वेळ आलीच तर जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, तळाला लेन्सच्या हूडएवढं भोक पाडा, रबर लावून हूडवर चढवा. मागच्या तोंडातून हात घाला. शेतात पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात, त्यातलंच हे. विकतचं रेनकव्हर आणखी सुबक, काम तेच. हूड कायम लावलेलं असू द्या. लेन्सवर थेंब न येण्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही. 'वेदर सीलिंग' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ते शिंतोड्यांपुरतं. झूम करताना बाहेर येणारी लेन्स ओली असेल तर मिटण्याआधी पुसा, नाहीतर ते पाणी आत जातं. उघड्यावर लेन्स बदलू नका.

एसी गाडीतून उतरून थेट कॅमेरा काढलात तर काच धुक्यानं भरते. गार वस्तूवर दमट हवेचं पाणी जमतं, तांब्याबाहेर जमतं तसं. बॅग बंदच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. पुसत बसू नका, पुसल्यावर पुन्हा जमतं.

आता बुरशी. माझी पहिली लेन्स मी कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवली, साड्यांच्या शेजारी, आपल्या मते अगदी सुरक्षित. श्रावणात बघितलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुरुस्तीवाल्यानं उघडून पुसली, पण काचेवरचा लेप खाल्लेला तो खाल्लेलाच. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर ती बहुतेक दिवस त्याच्या कितीतरी वर असते.

उपाय अगदी घरगुती. रबरी कडा असलेला हवाबंद मोठा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान हवा. त्याहून फार कोरडं केलंत तर लेन्सची रबरं आणि आतलं वंगण वाळतं. जेल रंग बदलणारं घ्या. नारिंगी जेल ओलं झालं की हिरवट होतं, मग ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळं जेल गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट असतं; ते स्वयंपाकाच्या कढईत कधीही तापवू नका, त्यासाठी वेगळा तवा ठेवा. चामड्याची आणि कापडी कव्हरं डब्यात नकोत, ओल तीच धरून ठेवतात. तांदळात कॅमेरा पुरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पीठ आत जातं.

रोज फोटो काढून झाल्यावर आधी कोरड्या सुती फडक्यानं बाहेरून पुसा, मग पंख्याखाली तासभर, बॅटरी आणि कार्ड काढून, त्यांची झाकणं उघडी ठेवून. त्यानंतरच डबा. काच मात्र मायक्रोफायबरनंच पुसायची, पदरानं नाही.

संगणकावर

फार हात लावू नका. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 'क्लाउडी'च्या आसपास, झाडाखालच्या फोटोत हिरवट झाक येते ती किंचित मजेंटाकडं नेऊन काढायची. धुकं काढायची सरकपट्टी थोडीच ओढा. पूर्ण ओढलीत तर आषाढातला फोटो मार्गशीर्षातला दिसतो. दाणे साफ करताना डोळा आणि चोचीभोवतीची पिसं मेणासारखी गुळगुळीत झाली तर मागं या. पिसांवरचे मणी हे त्या फोटोतलं सगळ्यात नाजूक काम, ते पुसलं जाणार नाही इतपतच.

आणि दसऱ्याला अवजारं पुसाल तेव्हा प्रत्येक लेन्सची दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूनं मोबाइलची टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धागा दिसला तर ती लेन्स डब्यातून लगेच वेगळी काढा, आणि बाकीच्यांचं जेल त्याच दिवशी बदला.